खळ्यातली लँडमास्टर

वय झालं की माणूस मवाळ होतो, असं सगळे सांगतात. माझे दात मवाळ झाले, गुडघे मवाळ झाले, पण आबाकाकांवरचा राग काही जागचा हललेला नाही. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी त्यांच्याबद्दल खरं तेवढंच लिहिणार आहे. ते पुरेसं वाईट आहे.

आबाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. काजूचा व्यापार, देवळात मानकरी, अंगात स्वच्छ सदरा, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी, मध्ये एक चिऱ्यांचा गडगा. गडग्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वासाची कालवणं शिजायची, कारण दोन्ही घरी हात एकाच सासूने शिकवलेले. गडग्यापलीकडे, त्यांच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेच्या छपरात आमची गाडी उभी असायची. आमची म्हणते ती सवयीने. आजोबांनी मुंबईच्या एका शेटकडून जुनी लँडमास्टर घेतली तेव्हा बाबांना मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून ती गाडी त्यांच्याशिवाय कोणी चालवली नाही. फिकट हिरवा रंग, गोल पाठ, पुढे हँडल घालून फिरवलं की जागी होणारी. नवऱ्या मुली सासरी गेल्या त्या गाडीतून, अडलेल्या बाया सावंतवाडीच्या दवाखान्यात पोचल्या, चतुर्थीला चाकरमानी कसालच्या तिठ्यावर तिचीच वाट बघत उभे राहायचे. वळणावर हॉर्न वाजला की आई चुलीवरचा तवा परत तापत टाकायची आणि बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत घावणा ताटात पडायचा. जेवण झालं की बाबा फडकं घेऊन गाडी पुसायला जात. मी टॉर्च धरायची. त्या वेळी ते माझ्याशी जितकं बोलायचे तितकं एरवी कधी बोलले नाहीत.

गावात कोणीही तिला आजोबांची गाडी म्हणत नसे. बाबांच्या नावाने वसंताची गाडी म्हणत. आबाकाकांच्या पोटात दुखायचं ते नेमकं इथेच. आजोबा गेले, वाटण्या झाल्या, आणि कागद आजोबांच्या नावचे म्हणून थोरल्या मुलाने गाडी आपल्या वाट्याला लावून घेतली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. शिकायचीही नव्हती. बाबांनी बदल्यात आपल्या वाट्याची आंब्याची कलमं देऊ केली, आणि आमच्या घरात दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. त्यावर आबाकाका गडग्यापलीकडून जे बोलले ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "माका ती इकूची नाय, कोणाक दिवची नाय, चलवची नाय. माझी आसा, माझ्या खळ्यात ऱ्हवतली."

आणि राहिली. बाबा रेडीच्या खाणीवर लोखंडाच्या मातीचे ट्रक चालवायला गेले. पंधरवड्याने घरी येत ते कानात, भुवयांत, नखांत लाल धूळ घेऊन. आई त्यांचे कपडे धुवायची, ते पाणी रक्तासारखं लाल व्हायचं, आणि ती ते न चुकता गडग्यापलीकडे ओतायची. बाबा खळ्याकडे पाठ करून जेवायला बसायला लागले. तिकडे गाडीच्या मागच्या सीटवर काकींच्या कोंबड्या निजायच्या, पुढच्या सीटवर एक खुडुक कोंबडी अंड्यांवर बसायची, आणि मे महिन्यात काकी टपावर कोकमं वाळत घालायच्या. कोकमाचा रस काय करतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, तो रंग खातो. लाल ओघळ दारांवरून खाली यायचे आणि त्या ओघळांच्या वाटेने गंज उतरायचा. काकींना पत्रा दुसरीकडे मिळाला नसता असं नाही. मी कॉलेजात जायच्या वयाची होते आणि गडग्याला रेलून तो टप बघताना माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. त्या वयात मुली काय काय स्वप्नं बघतात. मी आबाकाकांचं नाक कापलं गेल्याचं बघायची.

ते कापायला सुरुवात केली त्यांनी स्वतःच, देवळात. दसऱ्याला सगळा गाव सभामंडपात जमला होता. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते असं, की गावाचा एक जाणता माणूस नारळ पुढे ठेवून देवाला एकेक गोष्ट सांगत जातो आणि प्रत्येक वाक्यावर बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या काळी हे काम तात्या करायचे. तात्या म्हणजे कमरेत वाकलेले, नजरेने अधू, पण त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट देवाच्या कानावर गेली असं गाव मानायचा. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईला गेलेली मुलं असं सगळं सांगून झालं, आणि तात्यांनी विचारलं, "आणखी कोणाचा काय आसा?" बायका तिथे बोलत नाहीत. माझी आई उठून उभी राहिली.

"माझ्या घोवाची गाडी कोंबड्यो हगून कुसता," ती म्हणाली. "चलवणाऱ्याक ती मिळाक व्होयी. इतक्याच देवाक सांगा."

मंडपात कुजबूज झाली. आबाकाका पुढे मानाच्या जागेवर बसले होते. त्यांचे कान लाल झाले आणि मग ते हसले. लोकांना हसवायचं म्हणून हसले. "गाडी व्होयी? व्हरा," ते म्हणाले. "पण चलवन व्हरा. बैल लावक नाय, धक्को मारूक नाय. आपल्या जोरार माझ्या खळ्यातसून भायर काढलात काय गाडी तुमची." दोघेतिघे हसलेही, कारण ती गाडी सगळ्यांनी बघितली होती. तिला टायरसुद्धा नव्हते. पण गाऱ्हाणं मोडलेलं नव्हतं, नारळ अजून पुढ्यात होता. तात्यांनी डोळे मिटले आणि नेहमीच्या सुरात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या चौकात सांगल्यान हा, की गाडी आपल्या जोरार खळ्याभायर इली तर ती धाकट्या भावाची. तो शबुद खरो करून घे." आणि सगळा मंडप सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा." आबाकाकांचं तोंड उघडं राहिलं ते मी डोळे भरून बघितलं. मानकरी माणूस, त्याने देवाच्या पुढ्यात थट्टा केली, आणि देवाने ती मनावर घेतली.

बाबा देवळात आले नव्हते. घरी आल्यावर आईने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तेच्या खळ्यात माका पाय घालूचो नाय." तिथून ते हाकलले गेले होते, आणि आमच्या घरात मानीपणा तेवढा एकट्या त्यांच्याकडे होता. आई म्हणाली, "मगे मी घालतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कासोटा घातला, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही दोघी आबाकाकांच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, त्यांच्या डोळ्यांदेखत, नाकावर टिच्चून आत गेलो. पहिल्यांदा कोंबड्या हाकलल्या. मग खराट्याने, सुरीने, शेवटी नखांनी ती घाण खरवडली. काकी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या आणि मधूनमधून खरकटं पाणी आमच्या पायांशी फेकत होत्या. आईने एकदाही वर बघितलं नाही. "घासत ऱ्हव," ती मला म्हणायची. "राग हातात घाल, तोंडात नको." मी तसंच केलं. त्या गाडीचा एकेक पत्रा मी आबाकाकांचं थोबाड समजून घासला आहे. पत्रा चांगला निघाला.

बाबांनी रेडीहून रजा घेतली, पण गडगा ओलांडायला तयार नव्हते. मग ते गडग्याच्या आमच्या बाजूला स्टुलावर उभे राहायचे आणि तिथून सांगायचे. आम्ही बॉनेटखालून काहीतरी काळंकुट्ट सोडवून वर धरायचो आणि ते म्हणायचे, "ता न्हय, तेच्या खालचा." कार्बोरेटरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं होतं. पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती, तेव्हा बॉनेटखाली एक डबा टांगून त्यातून नळी सोडायची असं ठरलं. फूटबोर्डची भोकं तेलाच्या डब्यांचे पत्रे चपटे करून बुजवली. सीट उंदरांनी खाल्लेल्या, त्यांत आईने काथ्या कोंबला आणि वर सावंतवाडीच्या बाजारातलं रेक्झिन शिवलं. टायर, बॅटरी आणि ब्रेकची रबरं मालवणच्या एका गॅरेजवाल्याने दिली. त्याच्या बायकोला एकदा बाबांनी रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलं होतं, तेवढ्यावर. संध्याकाळी आम्ही घरी यायचो तेव्हा हाताला पेटत्या दिव्यासारखा रॉकेलचा वास यायचा, आणि कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा त्या वासासकट खाल्ला जायचा. तशी चव मला पुढे कुठे लागली नाही.

इंजिन मात्र जाम होतं. हँडल घालून आई त्यावर अंग टाकून लोंबकळली तरी ते तसूभर हललं नाही. बाबांनी गडग्यावरून सांगितलं, प्लग काढा, भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओता आणि वाट बघा. आम्ही ओतत होतो, वाट बघत होतो. आबाकाका येता-जाता म्हणायचे, "मेल्याच्या तोंडात पाणी घालतासात." एका दुपारी आईने हँडलला हिसका दिला आणि आतून कट् असा आवाज आला. मी ओरडले, "बाबा, हललां." त्यांनी विचारलं, "आवाज कसो इलो?" मी काही बोलायच्या आत आमच्या खळ्यात स्टूल पडल्याचा आवाज झाला आणि बाबा गडग्यावरून उडी मारून माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हँडल हातात घेतलं, मागे-पुढे, मागे-पुढे, लहान मुलाला झोपाळ्यावर द्यावेत तसे अगदी हळू झोके दिले. मग वाकून बॉनेटवर कपाळ टेकलं. आई तोंड फिरवून गडगा बघायला लागली.

मध्येच एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. अलीकडेच आबाकाकांचा नातू माझ्याकडे आला होता. चांगला शिकलेला, पुण्याला मोठ्या नोकरीत. त्याचं लग्न ठरलंय आणि हल्ली लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढायची पद्धत आहे, त्यासाठी त्याला लँडमास्टर हवी होती. तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सूर्य मावळताना. "आजी, आपल्या घराण्याची व्हिंटेज गाडी आहे ना," तो म्हणाला. मी त्याला चहा दिला, खाजं दिलं, आणि गाडी दिली नाही. घराण्याची नाही, माझ्या बाबांची आहे, एवढं सांगितलं. पोराला आमच्या भांडणाची काहीच माहिती नव्हती आणि त्याचा त्यात दोषही नव्हता. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

तर इंजिन सुटलं, आणि थोड्या दिवसांनी एका सकाळी ते पेटलंही. खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. काकींच्या कोंबड्या चहूबाजूंना उधळल्या. आबाकाका अर्धी दाढी साबणात ठेवून ओट्यावर आले आणि बघत राहिले. त्याच दिवशी दुपारी चिऱ्यांच्या गाड्या आल्या आणि बेड्यात, बरोबर वाटेवर, चिऱ्यांची कमरेइतकी रास लागली. माणूस आणि गुरं जातील एवढी फट तेवढी ठेवली. "माका गडगो बांधूचो आसा," आबाकाका म्हणाले. "चलवा म्हटलंय, वाट देतंय म्हणान खंय म्हटलंय?" बाबांचा चेहरा रेडीहून आल्यावर असायचा तसा झाला. ते घरी गेले. मी चिरे फोडायला पहार घेऊन निघाले होते. आईने मला दंडाला धरून घरात आणलं आणि पेजेचं भांडं चुलीवर ठेवलं. फुंकणीने जाळ फुंकता फुंकता ती म्हणाली, "औंदा गावपळण आसा मां? मगे तेची बैलगाडी खंयसून भायर पडतली?"

गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस घरं सोडून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. गाव देवाला मोकळा करून द्यायचा. देवळात ढोल पडला की गावात कुठल्याही कामाला हात लावायचा नाही आणि निघालेल्याने मागे फिरायचं नाही. आणि सगळ्यांत आधी मानकऱ्याने निघायचं, मग बाकीच्यांनी. ज्या मानासाठी आबाकाका आयुष्यभर जगले तो मानच त्यांना आधी घराबाहेर काढणार होता. संसार लादलेली त्यांची बैलगाडी बाहेर पडायची तर त्यांचेच चिरे त्यांनाच हलवावे लागणार होते. आईने हे पेज ढवळत ढवळत मला समजावलं आणि म्हणाली, "तोंड मिटून ऱ्हव. तुझ्या तोंडार दिसता."

कौल मार्गशीर्षात झाला. पळणीच्या सकाळी दोन्ही खळ्यांत एकच धांदल होती, टोपल्यांत कोंबड्या, वळकट्या, तांदूळ, भांडी, राहुट्यांसाठी विणलेल्या झावळ्यांचे झाप. आबाकाकांच्या गड्याने चिरे बाजूला केले आणि बैलगाडी बेड्यातून बाहेर काढली. वर ट्रंका, त्यांवर काकी, पुढे स्वतः आबाकाका, डोक्याला फेटा. आम्ही डोक्यावर गाठोडी घेऊन गरिबासारखे उभे होतो. आबाकाका आमच्याकडे बघून गड्याला म्हणाले, "आमी सुटलंव काय चिरे परत लाव." गड्याने पहिला चिरा उचलायला हात घातला आणि देवळात ढोल पडला. त्याने चिऱ्याकडे बघितलं, देवळाच्या दिशेला बघितलं, हात झटकले आणि गाडीमागून चालायला लागला. आबाकाका पुढून ओरडले. त्याने कानात बोट घालून हलवलं.

बाबांनी हँडल मारलं. दुसऱ्या हिसक्याला गाडी पेटली. आई पुढे बसली, मी मागे कोंबड्यांच्या टोपल्या मांडीवर घेऊन, आणि आम्ही आपल्या जोरावर खळ्यातून बाहेर आलो. बाहेर येताना मागचा मडगार्ड चिऱ्याला घासला, तो चरा मी अजून भरू दिलेला नाही. पुढे पाणंद, दोन्ही बाजूंना गडगे, एकाच वाहनाची वाट. बैलगाडी पुढे आणि आम्ही तिच्या मागे. फेटा समोर डुलत होता. बाबांनी आपलं रीतीने अंतर ठेवलं होतं. आई म्हणाली, "हॉर्न वाजय."

"बैल बुजतले," बाबा म्हणाले.

"बैल दिवसभर तेचो आवाज आयकतत. ते बुजूचे नाय. वाजय."

बाबांनी वाजवला. आधी एकदा, भीत भीत. मग परत. मग पाणंद संपेपर्यंत ते वाजवत राहिले, आणि आबाकाकांना मागे फिरता येत नव्हतं, मागे वळून बघवतही नव्हतं. त्यांची मान ताठ होती, तिच्यावर घाम आला होता, तो मी मागच्या सीटवरून बघत होते. पाणंद मळ्यात उघडते तिथे कापणी झालेल्या शेतात, मानकऱ्याच्या मागून निघायला, सगळा गाव जमला होता. तिथे बैलगाडीने बाजू दिली. द्यावीच लागली. बैल शेतात उतरले, चाक बांधावर चढलं, काकींनी ट्रंकेला मिठी मारली, आणि आमची लँडमास्टर त्यांच्या शेजारून पुढे गेली. तात्यांना दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला त्यांनी. "वसंताची गाडी मां?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

शिवेपलीकडे ओढ्याकाठी झापांच्या राहुट्या पडल्या. त्या तीन दिवसांसारखी मजा गावात एरवी कधी नसते. आडव्या-उभ्या चुली, वडे तळल्याचा वास, कोणाचं मटण कोणाच्या ताटात याचा पत्ता नाही, पोरं ओढ्यात. आमच्या राहुटीशी लोक गाडी बघायला येत होते आणि दारांवर हात फिरवून जात होते. ऊन उतरलं तशी ओढ्यावरून गारठा यायला लागला. काकींना दम्याचा त्रास होता. त्यांची धाप आमच्या राहुटीपर्यंत ऐकू येत होती. मला दया आली असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. मला टपावरची कोकमं आठवत होती.

दिवेलागणीला आबाकाकांचा गडी आला. काकींना गाडीत निजवता येईल का, असं मालकांनी विचारलंय, म्हणाला. बाबा उठायला लागले. आईने त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "मालकाक सांग, येवन विचारूचा," ती गड्याला म्हणाली. "तोंड आसा तेका."

थोड्या वेळाने ते आले. फेटा नव्हता. आजूबाजूच्या चुलींवरची बोलणी एकेक करून थांबली. बाबा फडक्याने पुढची काच पुसत होते, ते पुसतच राहिले.

"वसंता," आबाकाका म्हणाले, "तुझ्या वैनीक धाप लागली हा. आजची रात गाडयेत निजाक मेळात तर बरा."

माझे बाबा जन्मात कोणाला उलटून बोलले नव्हते. आता हो म्हणणार, म्हणून मी दात-ओठ खाऊन बघत होते. त्यांनी फडक्याची घडी घातली. आपल्या भावाकडे बघितलं.

"कोणाच्या गाडयेत, दादा?"

आबाकाकांनी आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं. पलीकडे सगळा गाव बसला होता. "तुझ्या," ते म्हणाले.

"आयकाक येवक नाय."

"तुझ्या गाडयेत."

बाबांनी मागचं दार उघडलं. मी आणि आईने काकींना धरून आणलं, काथ्याच्या सीटवर निजवलं, वर आमची गोधडी घातली. मागे जागा उरली नाही आणि पुढे बसा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून आबाकाका बाहेर चाकाला टेकून खाली बसले. आईने पेज ऊन केली. आधी काकींना दिली, चमच्याने, धाप सांभाळत. मग बाबांना वाढली, मला वाढली, स्वतः घेतली. पातेल्यात पेज बरीच उरली होती. ती तिने सकाळसाठी झाकून ठेवली.